सहा शाळांत आमचा नंबर

३ नोव्हेंबर. सकाळी ७.
आजपासून रोज लिहायचं.

संस्थेच्या अकराही मराठी शाळांची तुलना होणार. चौथीचं वाचन आणि गणित. प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्यासारख्या पाच शाळा निवडायच्या, म्हणजे पट सारखा, पालकांची मिळकत सारखी. सचिव केशवराव मीटिंगमध्ये म्हणाले, तसलीच मुलं जिथे पुढे असतील तिथे जाऊन शिका. मी दोन वर्षं प्रभारी मुख्याध्यापक आहे. कायम व्हायची हीच संधी. पहिला नंबर आणायचा. विद्यानगरची आमची शाळा, पहिली ते पाचवी, अठ्ठावन्न मुलं, सगळा भार माझ्यावर.

६ नोव्हेंबर.
चौथीच्या सुमेधाबाई म्हणाल्या, कुकटपल्लीची शाळा घ्या, तिथलेही पालक वॉचमन आणि ड्रायव्हर, पण मुलं धडाधड वाचतात. मी म्हणालो, त्यांच्याकडे कूलर आहे, आपल्याकडे नाही, मग समान कशी? बाई वर्गावर निघून गेल्या. म्हणजे पटलं.

पूर्ण अभ्यास करून पाच शाळा निवडल्या. पाचही ठिकाणी छत गळतं.

२२ नोव्हेंबर.
सहाही शाळांचे आकडे संगणकावरच्या तक्त्यात भरले. सहात चौथे. सॉफ्टवेअरची चूक असणार.

चौथीत एकोणीस मुलं, सलग परिच्छेद वाचणारी सहा. बाई म्हणाल्या, शाळा सुटल्यावर एक तास वाचन घेऊ, कोण कुठे अडतं त्याची यादी करू. मी म्हणालो, आधी तक्त्याचा रंग बदलू. लाल रंगाने निराशा येते. पिस्ता केला. लगेच बरं वाटलं.

वाचन-तास सोमवारपासून.

१५ डिसेंबर.
तिसरे! सिकंदराबादच्या शाळेने आकडेच पाठवले नाहीत. फोन केला, नुसता वाजत राहिला. आळशी लोक. आकडे नाहीत म्हणजे शून्य, हा नियम मीच बसवलाय. स्टाफला उस्मानिया बिस्किटं वाटली. बाईंनी घेतलं नाही. उपास असेल.

वाचन-तास जानेवारीपासून.

१९ जानेवारी.
संक्रांतीची सुटी संपली. दुसरे!! आणखी दोन शाळांचे रकाने कोरे. एका ठिकाणी फोन लावला तर कुणी माणूस म्हणाला, इस्कूल नै साब, अब्बी गोदाम है. राँग नंबर. पण नंबर शाळेच्या लेटरहेडवरूनच घेतला होता. असो.

९ फेब्रुवारी.
संस्थेकडून दोन माणसं टेप घेऊन आली. सगळे वर्ग मोजले, मुतारीसुद्धा. बाकांवर खडूने नंबर घातले. आमचा शिपाई अंबाजी दबक्या आवाजात म्हणाला, साब, उनो लोगां दरवाजे भी गिन रैं. त्याला समजावलं, पहिल्या शाळेचा विस्तार होत असतो. पंखे दुरुस्तीचा अर्ज तीन महिने पडून आहे, त्याचंही कारण कळलं. सगळं नवीनच येणार.

घरी बायकोला, भामाला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडं बाजारात बकऱ्यांच्या पाठीवर नंबर घालतात, ते काही त्यांना न्हाऊ घालायला नाही. शेतकऱ्याची लेक. तिला प्रशासन कळत नाही. जेवण मात्र गेलं नाही.

१२ मार्च. दुपारी १.
पहिले.

तक्त्यात खाली आलं, एकूण शाळा: एक. सूत्र दोनदा तपासलं. बरोबर आहे.

अंबाजीला दारावरच्या पाटीतलं 'प्रभारी' पुसायला सांगितलं. तो म्हणाला, थोडं थांबू साब. सत्काराचं भाषण लिहायला घेतलं. वाचन-तास पुढच्या वर्षी नक्की.

२२ एप्रिल.
लिफाफा आला. अंबाजीने दोन्ही हातांनी दिला. संस्थेचं पत्र:

आपण समान म्हणून निवडलेल्या पाचही शाळा यंदा बंद केल्या आहेत. आपली शाळा त्याच प्रकारची असल्याचे आपल्याच अहवालावरून दिसते. सबब जूनपासून विद्यार्थी कुकटपल्ली शाळेत वर्ग करावेत.

विद्यानगरहून कुकटपल्ली, दोन बस. बाईंनी पालकांना विचारलं. अठ्ठावन्नातली बावीस जातील, बाकीच्यांचं ठरत नाही. चौथीतल्या प्रियदर्शिनीची आई धुणीभांडी करते. ती म्हणाली, पोरीला सोडायला कोण जाईल सर, घरीच राहील मग. मी म्हणालो, बघू. काय बघू ते मला माहीत नव्हतं.

दुपारी कुकटपल्लीच्या मुख्याध्यापिकेचा फोन. छान बोलल्या. म्हणाल्या, येणारं प्रत्येक मूल वाचताना कुठे अडतं तेवढं नावानिशी कळवा, जूनपासून तिथूनच सुरू करू. मी तक्ता उघडला. सरासरी आहे, क्रमांक आहे, पिस्ता रंग आहे. एकाही मुलाचं नाव नाही.

सुमेधाबाईंनी पर्समधून शंभर पानी वही काढली. नोव्हेंबरपासूनची. एकोणीस नावं, प्रत्येकाला वेगळं पान. प्रियदर्शिनी, जोडाक्षरांशी थांबते, चित्र दाखवलं की पुढे जाते.

मी म्हणालो, द्या इकडे, सरासरी काढून देतो.

बाईंनी वही परत पर्समध्ये ठेवली.