सासूबाईंची पुतळी

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार (भाऊबीज)
छायाला घेऊन लोधिवलीला, तिच्या माहेरी. मेहुण्याला ओवाळणं चालू असताना सासूबाईंच्या गळ्याकडे लक्ष गेलं. पुतळ्यांची माळ. सतरा सोन्याची नाणी. सोळा एकसारखी, एक वेगळं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला आजच दिसलं. नाण्यांच्या व्हिडिओंनी नजर तयार झाली. सहा आठवड्यांत! परतताना छाया म्हणाली, आईच्या गळ्याकडे असं टक लावून बघू नका, वहिनी विचारत होत्या काय झालं म्हणून.

२६ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा लोधिवली. ‘अभ्यासासाठी’ ती एक पुतळी मागितली. सासूबाईंनी आधी माळ मुठीत धरली. मग म्हणाल्या, "माझ्या बानं एकेक करून दिल्यात. भात विकलं का एक पुतळी. ही पयली हाय, जपा." दोरा सोडून काढून दिली. त्यांचं नाव अंबूबाई. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘अंबूबाई संग्रह’ चांगलं दिसेल. किंवा ‘दशरथ संग्रह’. शोध माझा आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार. दुपार, कंपनीत
खालापूरच्या या स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजणारा माणूस आज काय बघतोय, हे कुणाला ठाऊक? भिंगातून: एक जण उभा, समोर दुसरा गुडघे टेकून, मधे झेंडा. म्हणजे मावळा भगवा स्वीकारतोय. मागच्या बाजूला चांदण्यांत उभा पुरुष. अक्षरं मोडीसारखी. मला मोडी येत नाही, पण वळण तेच. असं शिवकालीन नाणं एकाही पुस्तकात नाही. म्हणजे जगात एकच.
अंदाज: एक कोटी दहा लाख. कमीत कमी.
संकल्प: पैशाने बदलायचं नाही. मॅनेजरशी पूर्वीसारखंच बोलायचं.

३० ऑक्टोबर
मॅनेजरशी पूर्वीसारखं बोललो नाही. मेमो मिळाला.

१ नोव्हेंबर, शनिवार
नाणं मळाने फार काळवंडलेलं. एवढी किंमत मागायची आणि माल असा? टूथपेस्टने नाही निघालं. चिंच, मग भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी. पाऊण तासात नवं कोरं! मावळ्याचं नाक थोडं गेलं, पण चमक अशी की छायाने डोळे मिटले. ती म्हणाली, आईला विचारलंत का? या घरात दूरदृष्टी मला एकट्यालाच.

३ नोव्हेंबर, सोमवार
कर्जत बाजारात सोनाराकडून वरची कडी कापून घेतली. गळ्यातल्या वस्तूला कोण कोटी देणार? सोनार म्हणाला, राहू द्या, दादा, जुनं काम आहे. ऐकलं नाही. कापलेल्या जागी खाच पडली, तीही घासून घेतली. भिसेगावात एक फ्लॅट बघितला. बाल्कनी लहान आहे. नाही म्हणून सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
मुंबई. लिलावाच्या ऑफिसात एक बाई होत्या. नाणं हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा दुखल्यासारखा झाला. विचारलं, हे कुणी घासलं? मी म्हणालो, आधीच्या पिढीने.
मावळा नाही. झेंडा नाही. नाणं व्हेनिसचं, इटलीतलं. अशी नाणी जुन्या काळी व्यापारातून यायची, बायका माळेत ओवायच्या. पण अस्सल. आणि ज्याच्या नावाचं आहे तो थोडेच दिवस गादीवर होता, म्हणून दुर्मिळ. कडीसकट, जसं होतं तसं आणलं असतं तर बोली अडीच-तीन लाखांपासून सुरू झाली असती. आता वजनाचा भाव. वजनही घटलंय, म्हणाल्या.
कोटी आणि तीन लाख यात फरक आहे, हे मान्य. पण मला तीन लाखांचंच जास्त लागलं. ते खरे होते.

९ नोव्हेंबर, रविवार
लोधिवली. ‘अस्सल होतं’ म्हटलं की पुढचं वाक्य बोलावं लागणार. म्हणून सांगितलं, खोटं निघालं. व्यवहारी निर्णय. सासूबाईंनी पुतळी घेतली, उलटसुलट केली. आत गेल्या. चहा मात्र आला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
छाया माहेरून आली. आईने माळ काढून डब्यात ठेवली म्हणाली. जेवत नाही नीट. सारखं एकच म्हणते, "बा चिखलात राबायचा गं. त्यानं मला फसवलं का त्याला कुणी फसवलं?" छाया रडली. माझं डोकं दुखतं म्हणून मी आत गेलो. खरंच दुखत होतं.
संकल्प: हळूहळू विसरतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार (विनिताची हळद)
मेहुण्याच्या मुलीची हळद, लोधिवली. सगळ्या बायका दागिन्यांत आणि घरची सगळ्यात मोठी बाई मोकळ्या गळ्याने खुर्चीवर. कुणीतरी विचारलं, माळ कुठंय? म्हणाल्या, "ती खोटी हाय." ते मला ऐकवेना. मंडपामागे, भाताच्या पातेल्यांजवळ त्यांना नेलं आणि सगळं सांगितलं. घासणी, पावडर, कडी, ती बाई, तीन लाख. बोलताना पातेल्याकडे बघत होतो.
त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे बा खरा व्हता?"
हो म्हणालो.
"पुन्यांदा सांगा."
पुन्हा सांगितलं. पदराने डोळे पुसले. मला वाटलं, झालं, संपलं. पण त्या सरळ डीजेपाशी गेल्या, गाणं बंद करायला लावलं आणि माइक घेतला. "माझ्या बाची पुतळी खरी हाय! तीन लाखाची व्हती! या आमच्या जावायबापूंनी तारेच्या घासणीनं घासली!" मंडपात टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. मग घरात जाऊन माळ घालून आल्या, सुटी पुतळी मुठीत धरून नाचल्या. छाया हसत होती. आठवड्यानंतर.
मी जेवायला बसलो. समोरच्या पंगतीतल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातली बोरमाळ पदराखाली घेतली.