यंत्राला पाजलेलं दूध

आदरणीय गोम्बोदादा,

हिवाळा सुखात चाललाय ना? मेंढरं अंगानं भरली आहेत ना? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आमचं विचारशील तर उलानबातरात सगळे जिवंत आहोत, धुरामुळे एकमेकांना दिसत नाही एवढंच. तुझी भाची उयांगा पाच वर्षांची झाली, पण छाती म्हाताऱ्याची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या थंडीत पुन्हा न्यूमोनिया झाला तर मी काही सांगू शकत नाही. (एरवी त्या सगळं सांगतात.)

म्हणून तर मी हवा मोजायचं यंत्र मागून घेतलं. एका संस्थेनं गल्लीत एकच दिलं, आणि मी शिलाई मशीन दुरुस्त करते म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं. आहे चहाच्या डब्याएवढं. धुराड्यापासून लांब, कुंपणाच्या खांबावर, तोंड खाली करून टांगायचं, फोनला जोडायचं, किती वेळानं आकडा पाठवायचा ते ठरवायचं. सगळं यथासांग केलं. पहिलाच आकडा आला सहाशे चाळीस. पन्नासाच्या वर गेला की पोरीला बाहेर सोडायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळे उयांगा गेरच्या गोल तंबूत कोंडून पडली आणि सासूबाईंचं डोकं खाऊ लागली.

सासूबाई तुला माहीत आहेतच. त्यांचं मत पडलं की यंत्र म्हणजे दारी आलेला पाहुणा, तो उपाशी, मान खाली घालून लटकतोय, मग आकड्यांच्या शिव्याच देणार. मी कामावर गेले असताना कोळशाच्या पोत्यावर चढून त्यांनी त्याचं तोंड आभाळाकडे वळवलं, आणि रोज सकाळी आभाळाला दूध शिंपडताना पहिली पळी त्याला घालू लागल्या. आणि दादा, आकडा उतरायला लागला की. चारशे, दीडशे, शेवटी नऊ. (नऊ म्हणजे तुझ्या तिथली हवा.) मी फोनवर सगळं तपासलं, बंद करून चालू केलं, संस्थेला विचारलं. तिथले साहेब म्हणतात, "अभिनंदन ताई, तुमची गल्ली सुधारली." समोरच्या धुराड्यातून काळे लोट निघत होते आणि मी साहेबांचे आभार मानत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या शिक्षणाला जमलं नाही ते माझ्या पळीनं केलं बघ."

नऊचा आकडा बघून त्यांनी नातीला घसरगाडी देऊन बाहेर सोडलं. पोरीनं मनसोक्त हुंदडून घेतलं. मग एका संध्याकाळी तिचे ओठ निळे पडले. इस्पितळात एका खाटेवर दोन पोरं, आमच्या वाट्याला पायथा. मी शेजारी बसून तिची छाती वरखाली होते का तेवढंच बघत होते. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

घरी आल्यावर यंत्र उघडलं. आतला पंखा गोठलेल्या दुधात रुतलेला. हवा आत जातच नव्हती, मग मोजणार काय, कपाळ? पुसून, तोंड खाली करून टांगलं, तर आकडा सातशेच्या पुढे. सासूबाई मागेच उभ्या होत्या. मी भांडायला कंबर कसली होती, पण त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ते दूध वर पोचलंच नाही गं." तेव्हापासून त्यांना घास जात नाही. मला धड रागावताही येईना.

वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार, घोड्यांना थाप.

तुझी धाकटी,
सेवजिद

ता. क. वाळवलेल्या दह्याचे खडे पाठवू नका, अजून आहेत.

आणखी एक ता. क. हे पत्र तुला ट्रकवाला दोर्लिग देईल. त्याच्या शेजारी लोकरीच्या टोपीत झोपलेली पोर उयांगाच आहे. विचारून पाठवायला वेळ नव्हता. गवत उगवेपर्यंत ठेवून घे, आणि मानवलं तर त्यापुढेही. तिला मी दोनच दिवस सांगितलेत. आईसाठी रडली तर रडू दे. धावायला लागली तर अडवू नकोस.