नेव्हिलची सर्व्हिस

शनिवार, दुपार

प्रिय सुनेत्रा,

फोनवर काही सांगायला गेलो की तू पहिल्याच वाक्याला ‘पण अहो’ म्हणतेस, आणि मी मुद्दा सोडून पन्हाळीच्या पाइपबद्दल बोलत सुटतो. म्हणून या वेळी पत्र. आपला जावई यतिन काल दिव्यांची वायरिंग संपवायला आला होता. तो उद्या सकाळी सिडनीला परत निघेल आणि दुपारी केलीव्हिलच्या घरी येऊन हे तुझ्या हातात देईल. त्याला जेवायला थांबव. विषय तुझ्या अटीचा आहे. वास्तुशांत झाल्याशिवाय या घरात दुसरं कुठलंही कार्य करायचं नाही आणि तोवर तू उंबरा ओलांडणार नाहीस, एवढी एकच अट तू घातलीस. आणि वास्तुशांत आहे एकवीस तारखेला, रविवारी. मला त्या अटीत सूट हवी आहे. कशासाठी ते सांगतो, पण शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

आधी घराची, म्हणजे आपल्या जुन्या चर्चची, खबर. माळा झाला. झोपायची खोली आता वर आहे आणि जिना तिसऱ्यांदा बदलल्यावर एकदाचा चढण्याजोगा झाला आहे, तुझ्या गुडघ्यांना चालेल असा. छत इतकं उंच आहे की हीटर लावला की सगळी ऊब माळ्यावर जाऊन बसते आणि खाली मी कानटोपी घालून चहा पितो. कौन्सिलने समोरची बाजू, घंटेची चौकट आणि टोकदार खिडक्या यांना बोट लावू दिलं नाही, ते बरंच झालं. सकाळी नऊच्या सुमाराला रंगीत काचेतून ओट्यावर असा काही प्रकाश पडतो की पांढरा कांदा चिरायला घेतला तरी जांभळा दिसतो. लाकडी बाकं आठ होती. त्यांतली दोन जेवणाच्या टेबलाला ठेवली, बाकीची गावातल्यांनी आपापल्या आजी-आजोबांची म्हणून ओळखून नेली. तुझं देवघर ईशान्येलाच येतंय, गायकांचे झगे ठेवायचं कपाट होतं तिथं. फक्त पूर्वेकडचा तीन पायऱ्यांचा ओटा, जिथं वेदी होती, तो मी रिकामा ठेवला आहे. तुझी लेक चारुता म्हणते तिथं टीव्ही छान दिसेल. तिला सांग, तुझ्या बाळाला रांगायला ठेवलाय.

आता नेव्हिल. तू त्याला फोनवर खोकतानाच ऐकलं आहेस. समोरच्या घरातला, एक्क्याऐंशी वर्षांचा, गावातला एकेकाळचा एकमेव मोटर मेकॅनिक. या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, मुलांची बारशी झाली, बायकोला निरोप दिला तोही इथूनच. दर रविवारी येणारी माणसं शेवटी सहा उरली, तेव्हा ते बंद झालं. किल्ली नेव्हिलकडे होती. आपण विकत घेतल्यावर त्याने किल्ली दिली, पण गवत कापणं सोडलं नाही. दर दुसऱ्या शनिवारी यंत्रावर बसून यायचा आणि न विचारता आवार कापून जायचा. मी एकदा म्हणालो, ‘नेव्हिल, हे माझं काम आहे.’ तो म्हणाला, ‘हो, पण तुला सरळ रेषेत कुठं जमतं?’ मला तो ‘बास’ म्हणायचा, भास्कर त्याच्या जिभेला लांब पडायचं. आणि तुला न पाहताच ‘बॉस’. ‘बॉस कधी येणार?’ हा रोजचा प्रश्न. मी अट सांगितली. त्याला ती पटली. ‘आमच्या बिशपने घर बंद करायला प्रार्थना केली, तुमचे लोक उघडायला करणार. बरोबरच आहे,’ म्हणाला.

पहिल्यांदा आत आला तेव्हा मी सवयीने दाराशी बूट काढले. त्याने हॅट काढली, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. पाच मिनिटं लागली. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. संध्याकाळी क्लबात त्याने सांगितलं म्हणे, की हे भारतीय लोक अजूनही या जागेला पवित्र मानतात, आत पायताण घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात दोन बायकांनी माझे आभार मानले. आपण केलीव्हिलच्या गॅरेजच्या दारातसुद्धा चपला काढतो, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

फेब्रुवारीत गाडीसाठी बाजूला काँक्रीट घातलं. ते वाळल्यावर नेव्हिल येऊन त्यावर उभा राहिला, हॅट हातात. त्याच्या जुन्या यूटची, त्या उघड्या हौद्याच्या गाडीची, कुरकूर मी महिनाभर ऐकत होतो, म्हणजे गाडीचीही आणि त्याचीही. म्हणाला, ‘बास, बरेच दिवस विचारीन म्हणतोय. माझी सर्व्हिस इथं झाली तर चालेल का? तुझी आणि बॉसची हरकत नसेल तर.’ आता तूच सांग, आपल्याकडे सर्व्हिस म्हणजे काय? एक तर नोकरी, नाही तर गाडीची. मी म्हणालो, ‘नो वरीज, मेट. विचारायचं काय त्यात? जितक्या लवकर तितकं बरं.’ त्याने हॅट हातात फिरवली. ‘तशी घाई नाहीये,’ म्हणाला. मी म्हणालो, ‘फार लांबवू नकोस. इतकं वय झालं की एकेक पार्ट जायला लागतो.’ ते त्याला मान्य होतं. मी म्हणालो, ‘उचलायला माणसं लागली तर यतिन आणि त्याचे मित्र आहेत, चौघं पुरतील ना?’ तो म्हणाला, ‘सहा लागतात.’ मी म्हणालो, ‘सहा आणू. आणि तेल सांडलं तर काळजी करू नकोस, खाली पेपर घालू.’ यावर तो इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. माझ्या इंग्रजीवर लोक हसतात याची मला सवय आहे, म्हणून मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात त्याची मुलगी हेदर डबा भरून लॅमिंग्टन, म्हणजे ते खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, घेऊन आली. तुला मी फोनवर लॅमिंग्टन आल्याचं सांगितलं, का आले ते सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘बाबा किती हलके झालेत तुम्हाला कल्पना नाही.’ मी म्हणालो, ‘त्यात काय, अर्ध्या दिवसाचं काम.’ ती डोळे पुसत हसली आणि म्हणाली, ‘भजनांसाठी की-बोर्ड लावायचा तर प्लग कुठं आहे? आणि शवपेटी पायऱ्यांसमोर आडवी मावेल ना?’ त्या क्षणी मला सर्व्हिसचा तिसरा अर्थ कळला. अंत्यविधी. मी तिला प्लग दाखवला. 

इथवर ती भाषेची चूक होती, आणि तू हसून सोडून दिली असतीस. यानंतरचं माझ्या खात्यावर आहे. चार दिवसांनी नेव्हिल गवत कापायला आला, यंत्र बंद केलं आणि म्हणाला, ‘बास, तुला यूट वाटली ना? तेलाच्या वेळी माझ्या लक्षात आलं. काही हरकत नाही, मेट. घर आहे तुमचं. नको असेल तर आत्ताच सांग, मी हेदरला सांगीन माझाच विचार बदलला.’ इतकं सोपं करून दिलं होतं त्याने. आणि मी म्हणालो, ‘छे, मला पहिल्यापासून कळलं होतं.’ त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला ते खोटं आहे हे कळलं, आणि त्याने हात पुढे केला.

तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. घर दोघांचं आहे. पण मला भीती वाटली की तू नाही म्हणशील, आणि त्याहून जास्त भीती अशी की नाही म्हणण्याचा हक्क तुझाच असेल. तो म्हातारा दणकट आहे, तोवर वास्तुशांत होऊन जाईल, असंही मनाशी धरलं. आणि एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. तुझे नाना तिकडे भारतात गेले तेव्हा कोविडमुळे इथून विमानं बंद होती. चारुताने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आपण तिघं ओट्याशी उभं राहून पाहत होतो. हॉस्पिटलमधून परस्पर स्मशानात नेणार होते. तुझ्या भावाने, शंतनूने, भांडून दहा मिनिटं घरी आणलं, अंगणात ठेवलं.  संध्याकाळी एवढंच म्हणालीस, ‘घरातून गेले, बरं झालं.’ नेव्हिलने विचारलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस तेच मागतोय. त्याचं घर कागदोपत्री आपल्या नावावर झालंय, एवढाच काय तो फरक.

नेव्हिल गुरुवारी पहाटे गेला, झोपेत, आपल्या घरी. हेदरचा भाऊ पर्थहून येतोय आणि पुढच्या शनिवारी त्याला परतायचं आहे, म्हणून अंत्यविधी शुक्रवारी, एकोणीस तारखेला. इथं नाही झालं तर चाळीस किलोमीटरवरचा हॉल आहे, तिथं अर्ध्या तासाची वेळ मिळते. वास्तुशांत आधी उरकता येईल का, ते मी हॅरिस पार्कच्या गुरुजींना विचारलं. त्यांची आठवडाभर ऑफिसात पगारवाटपाची गडबड आहे, रविवारच्या आत जमणार नाही. चालेल का असं विचारलं तर म्हणाले, ‘अशी केस माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही वहिनींना विचारा.’ म्हणून विचारतोय. हेदरला मी सांगितलंय की माझं हो आहे, घराचं उत्तर उद्या संध्याकाळी कळवतो. नाही म्हणालीस तर मी समोर जाऊन सांगेन, तुझं नाव न घेता, आणि तुझ्यावर रुसणार नाही, म्हणजे फार दिवस नाही. पण हो म्हणालीस तर नुसतं हो पुरायचं नाही, सुनेत्रा. शुक्रवारी दहा वाजता लोक यायला लागतील. अशा वेळी दारात घरचं कुणी तरी उभं असावं लागतं, येणाऱ्याला आत घ्यायला. मी एकटा उभा राहिलो तर लोकांना वाटेल, एका दिवसापुरतं चर्च उघडलंय. तू शेजारी असलीस तर कळेल, की नेव्हिल घरातून निघालाय.

तुझाच,
भास्कर