तुमची स्लाइड

सर, माझं पोट तीन आठवड्यांपासून बिघडलेलं आहे, आणि ही गोष्ट न लाजता सांगावी असं कुणी आता या गावात मला उरलेलं नाही. मलाही साखर लागली, त्याला आठ वर्षं झाली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, साखरेच्या गोळीनं होतं असं, गोळी बदलून देतो. तुम्हालाही तेव्हा हेच सांगितलं होतं. एकदा साखर लागली की दुखणं कुठलंही असो, खापर तिच्यावरच फुटतं. खाज सुटली, साखर. वजन उतरलं, साखर. मी फार थकले आहे, पण तो सगळा थकवा काही साखरेचा नाही, एवढं मला कळतं.

प्रतापनगरच्या लॅबमध्ये मी लागले तेव्हा तुम्ही तिथले सगळ्यांत जुने टेक्निशियन. लोक त्या काळी संडासचा नमुना काडेपेटीत घालून आणायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही तशी एक काडेपेटी माझ्यापुढे सरकवता, मी नाकाला रुमाल लावते. तुम्ही ओरडत नाही. "नाक काहून दाबून राहिली वं? काम डोळ्याचं आहे," एवढंच म्हणता, आणि काडेपेटी उघडून, "नमुन्याले जात नसते, पोरी. नावही नसते." माझे कान तापले होते. घरी मी लॅबमधून आले की आई अंगणातच पाण्याची बादली भरून ठेवायची, आणि ती बादली नुसती कामासाठी नव्हती, मी कुणाच्या हाताखाली शिकते त्यासाठीही होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते ठाऊक असणारच.

मग तुम्ही मला बघायला शिकवलंत. भिंगातून एका वेळी दिसतो तो एवढासा गोल म्हणजे एक फील्ड. स्लाइडच्या डाव्या टोकापासून सुरू करायचं, उजवीकडे जायचं, एक ओळ खाली उतरायचं आणि परत यायचं, अंगण झाडताना कोपरा सोडत नाही तसं. एका दिवसात दिसलं नाही तर तीन दिवस तीन नमुने मागायचे, कारण पोटातला किडा काही आपल्या सोयीनं रोज बाहेर पडत नाही. साखरवाल्या माणसाची स्लाइड तर दोनदा बघायची, त्याच्या अंगात लढायची ताकद कमी असते. "त्याले पाहुणा आला तर लवकर जात नाही," असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. तुम्हाला स्वतःला तेव्हाच साखर होती.

तुम्ही निवृत्त झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. वाऱ्यानं स्लाइड सुकते म्हणून आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीत कूलर नाही, घाम डोळ्यांत उतरतो आहे, आणि तुम्ही नंदनवनमधल्या घरून भर दुपारी स्कूटरवर येता. शर्ट अंगावर लोंबतो आहे. महिनाभर पोट बिघडलेलं, गोळी बदलूनही फरक नाही. नमुन्याच्या डबीवर तुमच्याच वळणदार अक्षरात तुमचं नाव. साखरेनं तळपायांना काही कळत नव्हतं तुमच्या, तरी घरामागच्या वांग्यांच्या वाफ्यात अनवाणी उभं राहायची सवय सुटली नव्हती. मातीतली बारीक अळी तळव्यातून शिरते हे मला शिकवणारे तुम्हीच, सर. तुमचा रागही येतो मला कधीकधी.

मी डबी उघडली आणि मला कसंनुसं झालं. ज्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नाही, त्यांचं हे असं बघायचं. बघणं म्हणजेच मर्यादा सोडणं वाटलं. पटकन थोडे फील्ड पाहिले, स्लाइड फिनेलच्या भांड्यात टाकली आणि "काही आढळले नाही" हा शिक्का उमटवला. तुम्ही रिपोर्ट वाचलात.

"किती फील्ड पाह्यले वं?"

"पूर्ण पाहिली, सर."

"बरं," म्हणालात, घडी घातलीत आणि वरच्या खिशात ठेवलीत. दुसरा नमुना आणा, हे म्हणायचं माझं काम होतं. मी चहा घेणार का विचारलं.

दिवाळीच्या आधी तुम्हाला दम लागायला लागला. दम्याचं समजून स्टेरॉईड दिलं, आणि त्या औषधानं अंगातली उरलीसुरली ताकदही दबली. पोटातली अळी मोकाट सुटून फुफ्फुसापर्यंत गेली. शेवटी थुंकीत सापडली, तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही गेल्यावर मी घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात हातात घेतला. "तुह्या रिपोर्टात काही नव्हतं नं वं, म्हणून त्यायनं पुन्हा तपासलंच नाही. तुह्यावर लय भरोसा त्यायचा." त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी स्वतःला सांगत आले की तो आदर होता. पण तुम्हाला तो रुमाल आठवला असेल का, ही पोरगी अजूनही नाकच दाबून राहिली असं वाटलं असेल का, हे माझ्या मनातून जात नाही. आदर होता की किळस, की आईच्या बादलीतलं काही अंगाला चिकटून राहिलं होतं, हे इतक्या वर्षांनी मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

आज सकाळी मी माझाच नमुना लॅबमध्ये नेला. डबीवर माझं नाव लिहिलं. माझ्या हाताखालची मुलगी लाजून गोरीमोरी झाली आणि पाच मिनिटांत परत आली. "मॅडम, काही नाही त्यात."

"किती फील्ड पाह्यले वं?"

"पूर्ण पाह्यली, मॅडम."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा कळलं, सर, की तुम्हालाही त्या दुपारी लगेच कळलं होतं. माझी लाज राखायला तुम्ही तो कागद खिशात घातलात. का? टोकायला हवं होतं तुम्ही, काडेपेटीच्या दिवशी टोकलंत तसं. मीही "बरं" म्हणून दारापर्यंत गेले होते. मग परत फिरले, स्टूल ओढलं आणि म्हटलं, चल, नवी स्लाइड कर, दोघी मिळून बघू.

हे मी कोऱ्या रिपोर्टांच्या पाठीवर लिहिते आहे. लिहून झालं की शिक्क्याच्या खणात जाईल, दुसरं कुठं पाठवणार? उद्या आणि परवाही नमुना न्यायचा आहे. आजच्या स्लाइडमध्ये काही सापडलं नाही. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, एकही ओळ न सोडता, सगळी बघायला वीस मिनिटं लागली. त्या दुपारी माझ्याकडे वीस मिनिटं होती. मी चार फील्ड पाहिले होते, सर.