दादूसची पेटी

जासई, ता. उरण
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. ऋत्विक,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसातली दोन माणसं पुढच्या आठवड्यात सिंगापूरला तुमच्या बोटीवर चढणार आहेत, त्यांच्या हाती पाकीट पाठवतोय. सोबत आईने सुक्या जवळ्याची चटणी दिलीय. डबा घट्ट लाव, नाहीतर केबिनभर वास सुटेल.

माझा पाय आता पूर्ण बरा आहे. ट्रेलर पहिल्यासारखा चालवतो. काल न्हावा शेव्याच्या गेटवर पाच तास लाइनीत होतो, बसल्या बसल्या पायाला मुंग्या येतात एवढंच. आईच्या शिवणाच्या क्लासला चौदा बायका झाल्या. ओटा पुरत नाही म्हणून तुझ्या खोलीत दोन मशिनी ठेवल्यात. तुझा कम्प्युटर झाकून कपाटावर ठेवलाय.

त्या कम्प्युटरबद्दलच लिहायचं आहे. फोनवर सांगणार होतो. चार वेळा ठरवलं, पण तू "हॅलो बाबा" म्हणालास की मी जेवणाखाणाचं विचारतो आणि फोन आईकडे देतो.

गेल्या वर्षी तू पहिल्यांदा बोटीवर गेलास आणि डिसेंबरात माझा पाय मोडला. तीन महिने प्लास्टर. आई दुपारी क्लासला, तो तेव्हा शाळेत भरायचा. टीव्ही किती बघणार? एक दिवस कुबडी घेऊन तुझ्या खोलीत गेलो आणि कम्प्युटर चालू केला. म्हटलं, बघू तरी, पोरगं पाच वर्षं कशापायी जेवण गार करत होतं. तुझा खेळ आपोआप उघडला. तुझा तो काळ्या कोटातला माणूस समोर उभा. मी एक बटण दाबलं तर त्याने उडी मारली. मला हसू आलं रे. एकटाच हसलो.

दुसऱ्या दिवशी परत बसलो. मग रोजच.

याच खेळावरून, त्यातल्या दोस्तीवरून मी तुला काय काय बोललो होतो ते मला आठवतं. बारावीच्या वर्षी भर लढाईत मी प्लग ओढला होता आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास. म्हणून आईलाही सांगितलं नाही. ती गेटात आली की मी कम्प्युटर बंद करून बिछान्यावर पडायचो. पन्नाशीचा माणूस, चोरासारखा.

तो डोंगराएवढा खेकडा, ज्याला तुम्ही पोरं दादूस म्हणता, त्याच्याशी लढायचं वेड मला लागलं. तुम्ही पाच जणांनी मिळून त्याला मारलं होतं, मी एकटा जायचो. डाव्या नांगीचा फटका चुकवला की उजवी यायची आणि मी मरायचो. तुझ्या सामानात ती पेटी होती, दादूसला मारल्याचं बक्षीस. ती तू उघडली नव्हतीस. ती माझ्याकडून चुकून उघडली गेली. आत तीन वस्तू, ढाल, भाला आणि पंख. एकच घेता येते, बाकीच्या दोन जातात. मी भाला घेतला.

म्हणजे एप्रिलमध्ये तू घरी आलास आणि "पेटी कोणी उघडली?" म्हणून ओरडलास, तेव्हा ती मी उघडलेली होती.

मघापासून इथपर्यंत येऊन थांबलोय. आई चहा ठेवून गेली, तो गार झाला. वर "चुकून" लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. चुकून नव्हती उघडली. हात लावू नका, असं मला सांगितलेलं होतं.

सांगणारा तुझा दोस्त हर्षद.

माझ्या पायाच्या ड्रेसिंगला तोच मला बाइकवरून न्यायचा, हे तुला माहीत आहे. ड्युटी दोनला सुटली की कंटेनर यार्डातून सरळ आपल्याकडे यायचा. एकदा जरा लवकर आला. मी खेळात एवढा गुंतलेला की दार वाजलेलं कळलंच नाही. मागून आवाज आला, "काका, लोळा! उजवीकडे लोळा!" मी पार घाबरलो. तो पोट धरून हसत होता. मग खुर्ची ओढून बसला आणि मला शिकवायला लागला, नांगी उचलली की मोजायचं, दोनवर लोळायचं. त्यानंतर ड्रेसिंगहून आलो की अर्धा तास आम्ही दोघं खेळायचो. "ऋत्विकला सांगू नकोस हां," मी म्हटलं. तो म्हणाला, "नाय सांगत. पण काका, त्या पेटीला हात लावू नका. ती आम्ही दोघं मिळून उघडणार हाव."

तेव्हाच त्याने सगळं सांगितलं. दादूससमोर सव्वीस वेळा तोच पुढे उभा राहिला होता, तुम्हाला मागून मारता यावं म्हणून. पेटी मात्र तुझ्या नावावर निघाली. तू त्याला म्हणालेलास, "ढाल तुझी, मी आल्यावर उघडू." हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्याला खरीखुरी ढाल देणार आहे.

हे ऐकून चार दिवसांनी मी ती उघडली. प्लास्टर निघायचं होतं, मग कामावर जावं लागलं असतं. जायच्या आधी एकदा तरी दादूसला एकट्याने मारायचं होतं. भाल्याने जमेल असं वाटलं. नाही जमलं. तीन फटक्यांत मेलो. मग भीती वाटली की तो भाला तुला दिसेल. म्हणून खेळातल्या लोहाराकडे जाऊन तो मोडून टाकला. त्याचे सात दगड मिळाले.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. तू विचारलंस तेव्हा मी पलंगावर पेपर वाचत होतो. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? पासवर्ड तू हर्षदला दिलेलास ना?" नुसता प्रश्न विचारला. नाव मी घेतलं, उत्तर तू काढलंस. तू चप्पल न घालता बाहेर पडलास. मी हाक मारू शकत होतो. पेपरचं पान उलटलं.

नाक्यावर तू त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणालास, हे मला संध्याकाळी टपरीवाल्या सदाकडून कळलं. मी सदाला विचारलं, "तो काय म्हणाला?" सदा म्हणाला, "काय नाय. ऐकून घेतलं आणि गाडीला किक मारून गेला."

माझं नाव त्याने घेतलं नाही. एका शब्दात तुझं तोंड बंद झालं असतं.

मे महिन्यात भाविकाची हळद झाली. त्याच्या एकुलत्या एका बहिणीची, आणि तू घरात असून गेला नाहीस. आई आणि मी गेलो. हर्षद स्वतः वाढत होता. माझ्या पानासमोर आला, वाकला आणि म्हणाला, "काका, मटण घ्या अजून." बाकी काही नाही. नजरेतही काही नाही. मी पानावरून उठलो, आईला सांगितलं पित्त झालंय.

तरीही मी गप्प राहिलो. जुलैत तू परत गेलास, तरी गप्प. मनाला सांगत होतो, खेळातली वस्तू ती, पोरं विसरतील.

गेल्या गुरुवारी तुझा फोन आला. तू म्हणालास, "बाबा, तुम्ही बरोबर बोलत होतात. ती दोस्ती सगळी खोटी. मी ते अकाउंट पुसून टाकलं." मग म्हणालास, बोटीवर तू कुणात मिसळत नाहीस, जेवण केबिनमध्ये नेऊन एकटाच जेवतोस, कुणाला केबिनची चावीपण देत नाहीस. "एकदा शिकलो ते बास झालं," म्हणालास. आणि हसलास. तुझं हसणं मला ओळखू आलं नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, तू एकदा तरी म्हणावंस की बाबा बरोबर होते. म्हणालास, आणि मी परत फोन आईकडे दिला.

शुक्रवारी यार्डाच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. दोनला हर्षद बाहेर आला, हेल्मेट हातात. मी सगळं बोललो. भाला मोडल्याचं त्याला माहीत नव्हतं, बाकी माहीत होतं.

"तू तेव्हा का नाय बोललास?" मी विचारलं.

"तो आठ महिन्यांनी घरी आलेला, काका. तुमच्याशी भांडून परत बोटीवर गेला असता, तर काकीचं काय? मला वाटलं, तुम्हीच बोलाल. दोन दिवसांत बोलाल." मग तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "मी खूप वाट बघितली. आईला घरी कायतरी सांगायला लागायचं, ऋत्विक का येत नाय म्हणून."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. त्याने मला दंडाला धरून उभं केलं, जरा रागानेच. "असं नका करू, लोक बघतात. त्याला सांगा. पण मी फोन करणार नाय. चोर तो बोललाय, फोन त्याने करायचा."

तिथून सरळ त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "माझं पोर महिनाभर नीट जेवलं नव्हतं, भाऊजी." मी ते पाणी प्यायलो. नाक्यावर सदाला आणि तिथे होते त्या सगळ्यांना सांगितलं. मग घरी येऊन तुझ्या आईला. तिने कपाटावरच्या कम्प्युटरकडे एकदा बघितलं आणि मशिनीवर बसली. आज दोन दिवस झाले, लागेल तेवढंच बोलते.

तू एका खऱ्या माणसाला खोटा समजून बसला आहेस, आणि तसं समजायला मी शिकवलं. हे मला परत घेता येत नाही. बोटीवर जे कुणी बरे वाटतील त्यांच्यात जाऊन जेव. मी सांगतोय म्हणून नको, माझं ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. हर्षद कसा वागला ते बघ, आणि जेव.

बंदराला लागलात की पहिला फोन त्याला कर. नंबर तोच आहे. दोनच्या नंतर कर, आधी तो क्रेनवर असतो. मला त्या दिवशी करू नकोस, दुसऱ्या दिवशीही नाही केलास तरी चालेल. कधीतरी करशील तेव्हा जे बोलायचं ते बोल, मी फोन आईकडे देणार नाही.

तुझ्याशी खोटं बोललेला,
तुझा बाप
दत्तात्रेय