सातबारा आणि अकरा साड्या

जालना, १९ जून २०२५

चि. मल्हारी,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू हो अक्का म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या रेणूसाठी बारावीनंतरच्या तिन्ही वाटा मी कॅलेंडरच्या पाठीमागे रकाने आखून तपासल्या. पशुवैद्यकीला ‘नीट’ परीक्षा लागते, ती तिने दिलीच नाही. सात पिढ्या मेंढ्या राखल्याचे गुण तिथे धरत नाहीत. तू विचारले होतेस म्हणून सांगते. साध्या बी.एस्सी.ला बारावीचे गुण पुरतात, पण तिकडे तिचे मन नाही. राहिली कृषी. विषय बरोबर आहेत, सीईटीही झाली आहे. गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहिले, तर सरकारी कॉलेजला ती थोडक्यात मागे पडते. मात्र आई-वडिलांच्या नावावर शेती असली की जादा गुण मिळतात. ते धरले की मुलगी आत.

तेव्हा तुझ्या नावाचा सातबारा बुधवारच्या आत पाठव. दैवशालाला आशीर्वाद.

तुझी अक्का,
आसरा

जाफराबाद, २३ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.
इकडं सगळं बराबर हाय, पेरणी चालू हाय. सातबाऱ्याचं म्हणशील तर तो पेटीत हाय, अन् किल्ली कुठं ठेवली ते दैवशालाला आठवून न्हाई राह्यलं. ऑनलाइन काढायला गेल्तो, तर लाइट गेल्ती. मंग तलाठ्याकडं गेलो, तर तलाठी न्हाई.

सातबारा बिलकुल लागत न्हाई असं एखादं कॉलेज तुझ्या कॅलेंडरावर असंल का? नर्सिंगचं बघ जरा.

भाऊबीजेची जांभळी इरकल नेसलीस का न्हाई? तुला शोभंल.

काही चुकलं असंल तर पोटात घाल. लोभ हाय तसा राहू दे.

तुझा मल्हारी

जाफराबाद, २३ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.
बाबांच्या पत्राच्या घडीतच हे घालून देते. त्यांना माहीत नाही.

किल्ली बाबांच्या करदोट्यालाच आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. नाव बदलायचं तर बहिणीचा हक्कसोड लागतो, म्हणजे वाटा सोडल्याची सही, असं गावात सगळे म्हणतात. साडी नेसवायची आणि सही मागायची. बाबा दर भाऊबीजेला तो कागद खिशात घालून निघतात. काय बोलायचं ते आई पाठ करून घेते. मग तुला साडी देतात, जेवतात आणि कागद तसाच परत आणतात. मागच्या साली म्हणाले, तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात अक्कानं शर्टाचं बटण कुठंय म्हणून विचारलं.

आत्या, मला कृषीलाच जायचंय. बाबांवर रागावू नकोस. थोडीशी रागावलीस तर चालेल.

तुझी रेणू

जालना, २६ जून

चि. मल्हारी,
आशीर्वाद. दोन्ही पत्रे मिळाली. रेणूला एक शब्द बोलायचा नाही. घरात खरे लिहिणारे एक तरी माणूस आहे.

साडी दरवर्षी जरा जास्तच भारी का होत जाते, हे कोडे मला सुटत नव्हते. मी समजत होते, भावाला माया येते आहे.

हक्कसोडावर मी सही करणार नाही. आप्पांची मीही लेक आहे. पण तशी सही लागते हे तुला सांगितले कोणी? प्रवेशाची माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली. सातबाऱ्यावर तुझे नाव हवे, एवढीच अट आहे. शेजारी माझे नसावे असे कुठेही लिहिलेले नाही. आप्पांना वारस दोनच, तू आणि मी. दोघांची नावे लावायचा अर्ज सोबत आहे, माझी सही झाली आहे. तू कर, आप्पांच्या मृत्यूचा दाखला जोड आणि पत्र मिळताच तलाठ्याकडे जा. बुधवार मीच ठरवला होता, प्रवेशअर्जाची मुदत अजून आहे, पण नाव चढायला दिवस लागतात. जाताना शर्टाला बटण लावून घे.

यंदा साडी आणू नकोस, भाऊबीजेला मीच येते. माझा वाटा कुठून कुठवर ते बांधावर उभा राहून दाखव आणि आजवर कसत आलास तसाच कसत राहा. तोवर रेणू कॉलेजात असेल. तिला सांग, शिकल्यावर पहिली माती तपासायची ती आत्याच्या बाजूची.

जांभळी इरकल चांगली आहे. नेसून येईन. लोभ असू दे, भीती नको.

तुझी अक्का आणि हिस्सेदार,
आसरा