मावशीचं भांडं आणि भुलीवाला मर्ल

ओलेटा मावशीला,

टावीचा आणि रिलाचा नमस्कार (कडेला जी वेडीवाकडी रेघ आहे ती रिलाची सही). तुझा गुडघा कसा आहे? ओहायोत थंडी पडली असेल, तर जिना चढत बसू नकोस, खालीच झोप. इकडे केंटकीत आम्ही सगळे बरे आहोत, माझ्या नवऱ्याचा ट्रक सोडला तर.

रिलाच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय. झोपेत तिचा श्वास मधेच थांबतो, आणि तो परत सुरू होईपर्यंत माझाही. कापणारा डॉक्टर महिन्यातून एकदा लेक्सिंग्टनहून येतो, त्याचं काही अडत नाही. अडतं ते झोपवणाऱ्याचं. आख्ख्या परगण्यात भूल द्यायला एकटा मर्ल स्टॅम्पर, आणि तो डॉक्टरसुद्धा नाही, नर्स आहे. हे कळलं तशी मी तडक हॉस्पिटलात गेले आणि त्याला विचारलं, माझी पोर उठेल ना परत? त्याने हातातला डबा बाजूला ठेवला (जेवत होता बिचारा) आणि म्हणाला, "डॉक्टर कापतो आणि हात धुवून जातो, बाई. मी ती डोळे उघडेपर्यंत तिच्या उशाशी असतो. मला दुसरं कामच नाही." झालं. तेव्हापासून मी ठरवलं, भूल देईल तर मर्लच.

आणि आता मर्लच चाललाय. त्याचं काय आहे, लायसन टिकवायचं तर या लोकांना सारखं नवीन शिकावं लागतं. शिकायचं कुठे, तर फ्लोरिडात, समुद्राकाठच्या हॉटेलात. आत भाषण चालू असतं आणि दाराबाहेर मोठमोठ्या हॉस्पिटलांची माणसं टेबलं मांडून बसलेली असतात, फुकट पेनं वाटत, कधी येता, कधी येता विचारत (लग्नाच्या बाजारात एकुलत्या एक पोरालाही एवढी मागणी नसते). मागच्या वेळी मर्ल पिशवी घेऊन आला. यंदा ॲरिझोनातल्या हॉस्पिटलचा टॉवेल, आणि तिथली नोकरीही. आपल्या गावात पोरगं जितकं शिकतं तितकं लांब जातं, हे माहीत होतं, पण पन्नाशीच्या माणसालाही ते लागू होतं हे नवीनच.

हॉस्पिटलच्या प्रेविट साहेबांनी उपाय केले. मर्लचा फोटो लॉबीत लावला. गाडी लावायला त्याच्या नावाची जागा दिली (तो हॉस्पिटलसमोरच राहतो, चालत येतो). मग शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली, गावच्या पोरींनी हे काम शिकावं म्हणून. तळलेलं चिकन फुकट होतं, म्हणून मी गेले. साहेब म्हणाले, या धंद्याचं भविष्य फार उज्ज्वल आहे. आधी नर्सिंगचं कॉलेज, मग काही वर्षं अतिदक्षता विभागात, मग परत कॉलेज, ते थेट डॉक्टरेटपर्यंत. मी शाळा अर्धवट सोडलेली. मी हात वर करून म्हटलं, साहेब, तोपर्यंत रिलाचंच लग्न झालेलं असेल, पुढच्या महिन्यातल्या तिच्या ऑपरेशनचं काय? प्रश्न फार चांगला आहे म्हणाले आणि चिकन घ्यायला गेले.

शेवटी चर्चच्या बायकांनी आपलं नेहमीचं हत्यार काढलं. घरटी एक पदार्थ मर्लच्या दारात. मी मक्याचं पुडिंग केलं, आणि ते नेलं तुझ्या त्या निळ्या काचेच्या भांड्यातून. आजोबांच्या मयतीला तू आणलं होतंस आणि इथेच राहिलं, ते. बुडाला चिकटपट्टीवर तुझं नाव अजून तसंच आहे.

मर्ल सगळ्यांचं जेवला आणि जायची तयारी म्हणून एकेकीचं भांडं घासून परत करायला लागला. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून तो परगणा सोडणार नाही, त्याच्या आईने तसं वाढवलेलंच नाही. तर तो माझ्या दुकानात आला, गल्ल्यापाशी उभा राहिला आणि विचारलं, "ही ओलेटा कोम्ब्स कोण?" म्हटलं, माझी मावशी, ओहायोत असते. म्हणाला, असं पुडिंग आई गेल्यापासून खाल्लं नव्हतं, भांडं मी तिच्याच हातात देईन. मी केलंय म्हणायला जीभच उचलली नाही. त्याने ॲरिझोनाला कळवलंय, जरा उशीर होईल म्हणून.

तेव्हा मावशी, सगळं छान आहे. मला भीती अशी मुळीच वाटत नाही. घर तुझंच आहे, मनात येईल तेव्हा ये.

तुझी,
टावी

ता.क. येऊ नकोस. ऑपरेशन होईपर्यंत ओहायोतून हलू नकोस. मर्लचा फोन आला तर गुडघा फार दुखतोय म्हण.

आणखी ता.क. बातमी फुटली. चर्चमधल्या लोरीन फ्यूगेटने त्याला डंपलिंग पाठवलेत, भांड्याखाली नाव अलास्कातल्या चुलत बहिणीचं. प्रेविट साहेबांनी स्वतः राजमा शिजवला, नाव नौदलातल्या भावाचं, जो सहा महिने बोटीवर असतो. हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये याला आता कर्मचारी टिकवण्याचं धोरण म्हणतात.

शेवटचं ता.क. भीती वाटत नाही हे खोटं आहे. रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसते. ती उठली की फोन करीन, दुसऱ्याच दिवशी निघ. हिरवा ड्रेस घाल. पुडिंगमध्ये साखर कमी आणि वरून जायफळ, एवढं पाठ करून ये. आणि परत जाताना भांडं त्याच्याच घरी विसर, मावशी. मला पुन्हा दिवस गेलेत, बाळंतपणात भूल लागली तर उशाशी मर्लच हवा.